सच्छिद्र चौकटीतले धातुकण : उत्प्रेरक सुधारायचा तर सुरुवात कुठून करावी?

२०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना धातू-सेंद्रिय चौकटींच्या संशोधनासाठी मिळालं. प्रयोगशाळेत सगळे ज्यांना ‘मॉफ’ म्हणतात, त्या याच चौकटी. धातूच्या आयनांचे छोटे समूह हे त्यांचे सांधे आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू, म्हणजे लिंकर, हे त्यांचे खांब. या रचनेतून ठरावीक मापाची, एकसारखी छिद्रं असलेला स्फटिक तयार होतो. त्या छिद्रांत पॅलेडियम, प्लॅटिनम, सोनं किंवा तांबं यांचे एक-दोन नॅनोमीटरचे कण बसवले की उत्प्रेरक तयार, ही कल्पना मोहक आहे. एवढे लहान कण मोकळे ठेवले तर एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि त्यांचा पृष्ठभाग वाया जातो. चौकट त्यांना वेगवेगळं ठेवते.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.साठी हा विषय घेणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. पहिला उत्प्रेरक बनतो, अभिक्रियाही होते, पण बाजारात मिळणाऱ्या ‘पॅलेडियम ऑन कार्बन’पेक्षा निकाल फारसा वेगळा नसतो. मग धातूचं प्रमाण वाढवून पाहिलं जातं, तापमान वाढवलं जातं, लिंकर बदलला जातो. महिने जातात आणि नेमकं कशामुळे काय बदललं ते कळत नाही. हा लेख त्या टप्प्यावर असलेल्यांसाठी आहे. माझं सांगणं एवढंच आहे : उत्प्रेरक सुधारण्याआधी त्याची अडचण कुठे आहे ते मोजून ठरवा, आणि प्रत्येक बदल एकाच प्रश्नाचं उत्तर देईल असा करा.

चौकट कशासाठी हवी, ते आधी लिहून काढा

वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहा : माझ्या उत्प्रेरकात चौकट कोणतं काम करते? या प्रश्नाची प्रामाणिक उत्तरं साधारण चार आहेत.

पहिलं, ती कणांना वेगळं ठेवते. हे खरं आहे, पण कार्बन, अ‍ॅल्युमिना आणि सिलिकाही ते काम करतात, तेही स्वस्तात आणि जास्त तापमानाला. केवळ याच कारणासाठी मॉफ वापरत असाल, तर विषयाचा फेरविचार करा.

दुसरं, ती रेणूंची निवड करते. झिफ-८ ही झिंक आणि २-मिथाइलइमिडाझोल यांची चौकट. तिच्या पोकळीचा व्यास ११.६ अँगस्ट्रॉम आहे, पण आत जायची खिडकी फक्त ३.४ अँगस्ट्रॉमची. २०१२मध्ये सिंगापूरमधल्या फेंगवेई हुओ यांच्या गटाने प्लॅटिनमचे तयार कण झिफ-८च्या स्फटिकात बंद केले. त्या उत्प्रेरकावर सरळ साखळीच्या हेक्सीनचं हायड्रोजनेशन झालं, पण जाडजूड सायक्लोऑक्टीन आत शिरू न शकल्याने तसंच राहिलं. साध्या आधारावरचं प्लॅटिनम असा भेद करत नाही.

तिसरं, चौकट स्वतः अभिक्रियेत भाग घेते. दालचिनीच्या तेलातल्या सिनॅमाल्डिहाइडमध्ये दोन दुहेरी बंध असतात : एक कार्बन-कार्बन, दुसरा कार्बन-ऑक्सिजन. नुसत्या प्लॅटिनमवर कार्बन-कार्बन बंधावरही हायड्रोजन सहज जातो आणि मिश्रण हाती येतं. २०१६मध्ये चीनमधल्या झियोंग तांग यांच्या गटाने मिल-१०१ या चौकटीचा गाभा, त्यावर प्लॅटिनमचे कण आणि त्यावर पुन्हा मिल-१०१चं पातळ आवरण अशी रचना केली. आवरणातल्या लोह-क्रोमियमच्या सांध्यांनी कार्बन-ऑक्सिजनचा बंध धरून ठेवला आणि हवं ते सिनॅमिल अल्कोहोल बहुतांशी मिळालं. हे काम कार्बनला जमलं नसतं.

चौथं, चौकट आणि कण यांच्या सीमेवर नवी सक्रिय जागा तयार होते. २०१६मध्येच याघी आणि गॅबोर सोमोर्जाय यांच्या बर्कलीतल्या गटांनी तांब्याच्या कणाभोवती झिर्कोनियमची यूआयओ-६६ ही चौकट वाढवली. कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल बनवताना त्यांना रूढ तांबं-झिंक ऑक्साइड-अ‍ॅल्युमिना उत्प्रेरकाच्या सुमारे ८ पट उत्पादन मिळालं. तो कण साधारण १८ नॅनोमीटरचा होता, म्हणजे चौकटीच्या कोणत्याही छिद्रापेक्षा कितीतरी मोठा. तांबं आणि झिर्कोनियम ऑक्साइडचे सांधे जिथे भिडतात ती सीमा तिथे निर्णायक होती.

या चारांपैकी तुमचं उत्तर कोणतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं. चाळणी हवी असेल तर खिडकीचं माप आणि आवरणाची जाडी महत्त्वाची. सांध्यांचं रसायन हवं असेल तर सांध्यांजवळच्या रिकाम्या जागा महत्त्वाच्या. सीमा हवी असेल तर कण छिद्राच्या मापाचा असण्याची गरजही नाही.

तुमची अभिक्रिया चौकटीला सोसेल का?

कागदावर हजारो चौकटी आहेत, पण धातूचे कण घेऊन प्रत्यक्ष अभिक्रियेत टिकणाऱ्या थोड्याच. निवड करताना पृष्ठफळाचे आकडे मागे ठेवा आणि अभिक्रियेचं वातावरण पुढे घ्या.

मॉफ-५ ही १९९९ची प्रसिद्ध चौकट दमट हवेतच खराब होते. त्याच वर्षीची तांब्याची एचकेयूएसटी-१ पाण्यात हळूहळू झिजते, आणि हायड्रोजनमध्ये तापवली तर तिच्या सांध्यांतल्या तांब्याचंच क्षपण होऊन धातू तयार होऊ शकतो. झिफ-८ अल्कलीत चांगली टिकते, पण आम्लात विरघळते. म्हणून क्लोरोप्लॅटिनिक आम्लाच्या द्रावणात झिफ-८ बुडवणं म्हणजे चौकट हातानेच मोडणं. २००८मध्ये ओस्लो विद्यापीठात तयार झालेली यूआयओ-६६ पाण्याला आणि सौम्य आम्लाला दाद देत नाही. तीव्र अल्कली, फॉस्फेट आणि फ्लोराइड मात्र तिला तोडतात. सुझुकी अभिक्रियेत कार्बोनेट घालून ती तापवणार असाल, तर अभिक्रियेनंतरची तपासणी अनिवार्य समजा. फ्रान्समधल्या जेरार फेरे यांच्या गटाची २००५ची क्रोमियमची मिल-१०१ दणकट आहे. तिच्या पोकळ्या २.९ आणि ३.४ नॅनोमीटरच्या, खिडक्या सुमारे १.२ ते १.६ नॅनोमीटरच्या. कण आत बसवण्यासाठी ती वारंवार वापरली जाते ती याच मापांमुळे.

एक धोका बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नायट्रोजनमध्ये रिकाम्या चौकटीची उष्णता-स्थिरता मोजली जाते आणि तोच आकडा कणांसहित चौकटीला लावला जातो. पॅलेडियम किंवा प्लॅटिनम लिंकरच्या विघटनालाही मदत करतात, हायड्रोजन असेल तर जास्तच. म्हणून तुमच्या धातूसह आणि तुमच्या वायूत, हव्या त्या तापमानाला काही तास चौकट ठेवून पाहा आणि नंतर तिचा एक्सआरडी आणि नायट्रोजन शोषण घ्या. ही परीक्षा आधी झाली की पुढची बरीच मेहनत वाचते.

कण आत नेण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग : चौकट आधी, कण नंतर. धातूचा क्षार छिद्रांत मुरवायचा आणि तिथेच त्याचं क्षपण करायचं. दुसरा मार्ग : कण आधी, चौकट नंतर. पीव्हीपीसारखा पॉलिमर लावलेले तयार कण घेऊन त्यांच्याभोवती स्फटिक वाढवायचा. दुसऱ्या मार्गात कणाचं माप आणि आकार तुमच्या हातात राहतो, पण पॉलिमरचा थर सक्रिय जागा झाकतो. पहिल्या मार्गात कण स्वच्छ असतात, पण ते आतच तयार होतील याची खात्री नसते.

पहिल्या मार्गात सगळ्यात मोठी सुधारणा दोन द्रावकांच्या पद्धतीने होते. जपानमधल्या चियांग शू यांच्या गटाने २०१२मध्ये मिल-१०१साठी ती वापरली. मिल-१०१ची आतली बाजू पाण्याला ओढून घेते. कोरडी चौकट भरपूर हेक्सेनमध्ये ढवळत ठेवायची आणि छिद्रांच्या एकूण आकारमानापेक्षा थोडं कमी जलीय द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. पाणी हेक्सेनमध्ये मिसळत नाही. ते छिद्रांत शिरतं आणि क्षार बाहेरच्या पृष्ठभागावर साचत नाही.

हिशेब असा करा. तुमच्या चौकटीचं छिद्र-आकारमान नायट्रोजन शोषणातून दर ग्रॅमला १.५ घनसेंटिमीटर आलं आहे असं धरू. २०० मिलिग्रॅम चौकटीत ०.३० मिलिलिटर जागा झाली. द्रावण ०.२५ मिलिलिटर घ्या. वजनाने २ टक्के प्लॅटिनम हवं असेल तर सुमारे ४.१ मिलिग्रॅम प्लॅटिनम लागेल, म्हणजे क्लोरोप्लॅटिनिक आम्लाचा सहा पाण्यांचा क्षार सुमारे १०.८ मिलिग्रॅम. तेवढा क्षार त्या ०.२५ मिलिलिटरमध्ये विरघळला पाहिजे. छिद्र-आकारमान पुस्तकातून घेऊ नका, तुमच्या त्या घाण्याचंच मोजा. मिल-१०१च्या छिद्रांत न जुळलेलं टेरेफ्थॅलिक आम्ल राहून जातं. गरम इथेनॉल आणि अमोनियम फ्लोराइडच्या धुण्याने ते निघतं. यूआयओ-६६मध्ये डीएमएफ अडकून राहतं. मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनमध्ये बऱ्याच वेळा बदलून, मग निर्वातात तापवून ते काढावं लागतं.

वजन करण्याआधी चौकट खरोखर कोरडी आहे का, हेही पाहा. मिल-१०१ स्वतःच्या वजनाएवढं किंवा त्याहून अधिक पाणी शोषू शकते. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात उघड्या तराजूवर तोललेल्या २०० मिलिग्रॅम पावडरीत चौकट किती आणि पाणी किती हे सांगता येणार नाही. तापवून, निर्वातात ठेवून, बंद कुपीतून वजन करा.

क्षार आत धरून ठेवायला लिंकरवर अमिनो गट असलेली यूआयओ-६६ किंवा मिल-१०१च्या क्रोमियमवर बसवलेलं इथिलीनडायअमिन उपयोगी पडतं. नायट्रोजन पॅलेडियमच्या आयनांना पकडतो, त्यामुळे कण लहान आणि विखुरलेले राहतात. पण हाच अमिनो गट कणाच्या इलेक्ट्रॉनिक स्थितीवरही परिणाम करतो. फरक दिसला तर तो कणाच्या मापामुळे की अमिनो गटामुळे, हे सांगण्यासाठी समान मापाच्या कणांची तुलना करावी लागेल.

क्षपण : इथेच कण बाहेर पळतात

आत मुरवलेला क्षार क्षपणाच्या वेळी पुन्हा द्रावणात उतरतो आणि चौकटीच्या बाहेर येऊन कण बनवतो. ही चूक फार होते, आणि तिचा दोष बहुधा मुरवण्याच्या पायरीला दिला जातो. सौम्य सोडियम बोरोहायड्राइड हळूहळू घातलं तर आयनांना बाहेर पडायला वेळ मिळतो. शू यांच्याच गटाने २०१३मध्ये सोनं-निकेल कणांवर दाखवलं की तीव्र बोरोहायड्राइड एकदम घातलं तर क्षपण छिद्रातच पूर्ण होतं आणि कण लहान राहतात. सौम्य द्रावणात ते बाहेर येऊन एकत्र होतात. मात्र बोरोहायड्राइडचं द्रावण अल्कलीय असतं, म्हणून चौकट ते सोसते का हे आधी बघा.

चौकटीला हायड्रोजन चालत असेल तर कोरड्या पावडरीवर पातळ केलेला हायड्रोजन सोडून, तापमान हळूहळू वाढवत २०० अंश सेल्सिअसच्या आसपास क्षपण करणं अधिक सुरक्षित ठरतं. द्रावकच नसल्याने आयनांना बाहेर जायला वाट नसते. पॅलेडियमला तर याहून खूप कमी तापमानही पुरतं. जेवढं लागेल तेवढंच वापरा.

कण आत आहे की बाहेर?

टीईएमच्या एका छायाचित्रावरून ‘कण छिद्रांत आहेत’ असं लिहू नका. ते छायाचित्र सपाट असतं. स्फटिकावर बसलेला कण आणि स्फटिकात असलेला कण त्यात सारखेच दिसतात. नमुना वेगवेगळ्या कोनांत फिरवून घेतलेली मालिका किंवा अतिशय पातळ काप काढून घेतलेली छायाचित्रं हवीत. दोनशेच्या आसपास कण मोजल्याशिवाय सरासरी माप लिहू नका. इलेक्ट्रॉनांच्या झोतात मॉफ लवकर खराब होतो, म्हणून कमी मात्रेत काम करायला तंत्रज्ञांना सांगा.

मापांचं साधं गणित आधी करा. यूआयओ-६६मधल्या मोठ्या पोकळ्या १ ते १.२ नॅनोमीटरच्या आहेत. कण ३ नॅनोमीटरचा दिसत असेल तर तो छिद्रात असणं शक्य नाही : तो बाहेर आहे, किंवा चौकटीचा तेवढा भाग मोडून त्या जागेत बसला आहे. दोन्ही शक्यता तपासता येतात, पण ‘छिद्रात बंदिस्त’ हा दावा करता येत नाही.

एक्सआरडीत पॅलेडियमचं शिखर ४०.१ अंशांवर किंवा प्लॅटिनमचं ३९.८ अंशांवर धारदार दिसलं, तर मोठे कण तयार झाले आहेत हे नक्की. ते दिसलं नाही तर कण लहान असावेत, पण तो पुरावा पुरेसा नाही. एक्सपीएसला पृष्ठभागाखालचे काही नॅनोमीटरच दिसतात. आयसीपीने मोजलेल्या एकूण प्रमाणापेक्षा एक्सपीएसमधलं धातूचं प्रमाण बरंच जास्त आलं, तर धातू बाहेरच्या बाजूला साचला आहे असा संशय घ्या.

सगळ्यात बोलकी परीक्षा रासायनिक आहे. आत जाऊ न शकणारा मोठा रेणू घ्या. झिफ-८साठी सायक्लोऑक्टीन चालेल. त्याची अभिक्रिया झाली, तर बाहेर कण आहेत. उलट बाजूने, खिडकीतून न जाणारा, धातूला निष्क्रिय करणारा ट्रायफिनाइलफॉस्फिनसारखा रेणू घातल्यावर लहान रेणूची अभिक्रिया चालू राहिली, तर काम करणारे कण आतच आहेत. झिफ-८ची चौकट थोडी लवचिक असल्याने ३.४ अँगस्ट्रॉमपेक्षा किंचित जाड रेणूही आत जातात. म्हणून परीक्षेचा रेणू स्पष्टपणे मोठा निवडा.

पृष्ठफळ कमी झालं : छिद्रं भरली की चौकट मोडली?

धातू भरल्यावर बीईटी पृष्ठफळ घटलं की ‘छिद्रं कणांनी भरली’ असं लिहिण्याची प्रथा पडली आहे. आकडे घालून पाहा. पॅलेडियमची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १२ ग्रॅम. वजनाने ५ टक्के पॅलेडियम असेल, तर दर ग्रॅम चौकटीमागे धातूचं आकारमान सुमारे ०.००४४ घनसेंटिमीटर होतं. मिल-१०१च्या १.५ घनसेंटिमीटर जागेत हे जेमतेम ०.३ टक्के. यूआयओ-६६सारख्या लहान छिद्रांच्या चौकटीतही साधारण १ टक्का. वजनाची दुरुस्ती केली तरी घट पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असायला हवी.

ती ३०-४० टक्के येत असेल, तर कारण दुसरं आहे : अडकलेला द्रावक, उरलेला क्षार, पॉलिमर, खिडकीच्या तोंडाशी बसून मागची पोकळी बंद करणारे कण, किंवा मोडलेली चौकट. कोरी चौकट घ्या आणि धातू न घालता बाकी सगळ्या पायऱ्या तशाच करा. तिचंही पृष्ठफळ तेवढंच घटलं, तर दोष प्रक्रियेचा आहे. या एका नियंत्रण-प्रयोगाने सुधारणेची दिशा ठरते.

वेग खरा आहे का, ते पाहा

दोन उत्प्रेरकांची तुलना शंभर टक्के रूपांतरणावर करता येत नाही. सुरुवातीचा वेग मोजा, रूपांतरण १०-२० टक्क्यांच्या आत असताना. निवडकतेची तुलना मात्र समान रूपांतरणावर करा. वेग धातूच्या एकूण अणूंवर नव्हे, तर पृष्ठभागावरच्या अणूंवर काढा. पॅलेडियम आणि प्लॅटिनमसाठी ढोबळ नियम सोपा आहे : १.१ या आकड्याला कणाच्या नॅनोमीटरमधल्या व्यासाने भागा. २ नॅनोमीटरच्या कणात सुमारे ५५ टक्के अणू पृष्ठभागावर येतात, ५ नॅनोमीटरच्या कणात सुमारे २२ टक्के. कण लहान केल्यामुळे वाढलेला वेग एवढ्या हिशेबातच बसत असेल, तर चौकटीने वेगळं काही केलेलं नाही.

मॉफमध्ये विसरणाची अडचण मोठी असते. आतला कण कितीही सक्रिय असो, रेणू त्याच्यापर्यंत पोचलाच नाही तर उपयोग नाही. तीन तपासण्या करा. ढवळण्याचा वेग वाढवून अभिक्रियेचा वेग बदलतो का ते पाहा. बदलत असेल तर स्फटिकाबाहेरच अडथळा आहे. मग त्याच चौकटीचे लहान आणि मोठे स्फटिक बनवून, सारख्याच कणांसह त्यांचा वेग तोला. लहान स्फटिक जास्त वेगवान निघाले तर आतलं विसरण आड येतं आहे. शेवटी, कणांचं माप तेच ठेवून धातूचं प्रमाण दुप्पट करा. पृष्ठभागावरच्या प्रत्येक अणूमागचा वेग तोच राहिला, तर विसरण आड येत नाही. ही मॅडन-बूदार कसोटी. प्रबंधात ती असली की परीक्षकांचे निम्मे प्रश्न संपतात.

परीक्षेची अभिक्रियाही विचाराने निवडा. बोरोहायड्राइड वापरून नायट्रोफिनॉलचा पिवळा रंग घालवणं सोपं आहे, पण त्यातून चौकटीच्या योगदानाविषयी फारसं कळत नाही. सिनॅमाल्डिहाइड, फरफ्यूरल किंवा मापाने वेगळ्या अल्कीनांची जोडी निवडा, जिथे निवडकतेतून चौकटीचं काम दिसेल.

गळती आणि पुनर्वापर

पॅलेडियमच्या जोडणी-अभिक्रियांत धातू विरघळून द्रावणात काम करतो आणि शेवटी पुन्हा चौकटीवर येऊन बसतो, असं होऊ शकतं. म्हणून गाळणीची परीक्षा अभिक्रियेच्या तापमानालाच, रूपांतरण अर्धवट असताना घ्या. थंड झाल्यावर घेतली तर विरघळलेला धातू आधीच परतलेला असतो. इथे मॉफचा एक खास फसवा मुद्दा आहे. तुमचे स्फटिक ५०-१०० नॅनोमीटरचे असतील तर ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून ते आरपार जातात आणि ‘गळती आहे’ असा खोटा निष्कर्ष निघतो. गाळलेल्या द्रावणात पॅलेडियमबरोबर झिर्कोनियम किंवा क्रोमियमही आयसीपीने मोजा. दोन्ही सापडले तर स्फटिक निसटले आहेत किंवा चौकट तुटते आहे. फक्त पॅलेडियम सापडलं तर गळती आहे.

पुनर्वापराचे पाच सारख्या उंचीचे खांब आलेखात छान दिसतात, पण प्रत्येक वेळी शंभर टक्के रूपांतरण असेल तर ते काही सिद्ध करत नाहीत. उत्प्रेरक गरजेच्या दुप्पट असेल, तर त्यातला अर्धा मेला तरी अभिक्रिया पूर्णच होते. ३०-४० टक्के रूपांतरणावर थांबवून प्रत्येक फेरीचा वेग मोजा. शेवटच्या फेरीनंतर एक्सआरडी, नायट्रोजन शोषण, टीईएम आणि आयसीपी पुन्हा घ्या. एक्सआरडीची शिखरं जागच्या जागी असली तरी चौकटीचा काही भाग निराकार झालेला असू शकतो. शोषणात ते लगेच कळतं.

लक्षण पाहून उपाय

- कण बाहेर तयार होत आहेत : द्रावणाचं आकारमान छिद्रांपेक्षा कमी करा, वायूने क्षपण करा, किंवा क्षार धरणारा अमिनो गट वापरा.
- कण आत आहेत, पण वेग कमी आहे : मॉड्युलेटर (स्फटिक वाढताना लिंकरशी स्पर्धा करणारं आम्ल) बदलून स्फटिक लहान करा. यूआयओ-६६मध्ये अ‍ॅसेटिक आम्लासारख्या मॉड्युलेटरने लिंकर गाळून जास्त मोकळी वाटही तयार करता येते. मात्र त्यामुळे चौकट कमकुवत होते, म्हणून प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवा.
- वेग चांगला, निवडकता कमी : आधी बाहेरचे कण तपासा. ते नसतील तर कणांवर चौकटीचं पातळ आवरण चढवा किंवा सांध्यातला धातू बदला.
- पीव्हीपी लावलेले कण निष्क्रिय आहेत : पॉलिमर कमी प्रमाणात वापरा आणि चौकट वाढवण्याआधी कण नीट धुऊन घ्या.
- प्रत्येक फेरीत वेग घटतो : कण मोठे झाले, छिद्रांत उत्पादन अडकलं, की चौकट मोडली, हे वेगवेगळं शोधा. धुऊन-तापवून वेग परत आला तर अडकलेलं उत्पादन हे कारण.

या सगळ्यात एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रत्येक बदलाबरोबर कोरी चौकट, धातूचा नुसता क्षार आणि त्याच धातूचा कार्बनवरचा उत्प्रेरक, या तिघांची तुलना त्याच परिस्थितीत ठेवा.

सुरक्षितता आणि सोयी

हायड्रोजन शोषलेली पॅलेडियमची पावडर मिथेनॉलने ओली असताना हवेत कोरडी होऊ देऊ नका. ती पेट घेऊ शकते. गाळताना ती ओलीच ठेवा, नायट्रोजन वापरा, वापरलेला गाळणकागद कचऱ्यात न टाकता पाण्याखाली ठेवा. मिल-१०१च्या मूळ कृतीत हायड्रोफ्लोरिक आम्ल आहे. त्याशिवायच्या कृती उपलब्ध आहेत, त्याच वापरा. क्रोमियमचा निचरा वेगळा साठवा.

कॉलेजात उपकरणं नाहीत म्हणून थांबू नका. आयआयटी मुंबईच्या अत्याधुनिक विश्लेषण-सुविधा केंद्रात बाहेरच्या संस्थांचे नमुनेही तपासून मिळतात. धातूच्या अणूंभोवतीचं वातावरण समजून घ्यायचं असेल तर इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर एक्स-किरण शोषणाच्या प्रयोगांसाठी अर्ज करता येतो. नमुना पाठवण्याआधी नेमका प्रश्न लिहून द्या. तसं केलं तर तंत्रज्ञही चांगली मदत करतात.

शेवटी एक विनंती. कण बाहेर निघाले, चौकट मोडली, कार्बनवरचं पॅलेडियम तुमच्या उत्प्रेरकापेक्षा सरस ठरलं, असे निकाल आले तर ते प्रबंधात आकड्यांसकट नोंदवा. तुमच्यानंतर त्याच बाकावर काम करणाऱ्याला नेमकी तीच माहिती लागणार आहे. आणि नवा उत्प्रेरक जाहीर करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा : चौकट काढून तिच्या जागी कार्बन ठेवला तर काय बिघडेल? त्याचं मोजलेलं उत्तर हातात असेल, तरच उत्प्रेरक सुधारला असं म्हणा.